चित्र कुठं थबकतं

धाकट्याचं पोट ग्राफिक्स कार्डांवर होतं. कॉम्प्युटरच्या एका मोठ्या दुकानात मागच्या बाजूला त्याची खोली होती. परत आलेली, दुरुस्त होऊन आलेली, कुणी जुनी म्हणून विकायला आणलेली कार्डं तिथं त्याच्या टेबलावर पडलेली असत. गेम खेळताना पडद्यावर जे दिसतं ते रंगवायचं काम या कार्डाचं. कार्ड धड असेल तर चित्र पाण्यासारखं वाहतं, नाहीतर खडबडीत रस्त्यावरच्या सायकलीसारखं धक्के खातं. धाकटा प्रत्येक कार्ड मशीनला लावी, पंख्यातली धूळ ब्रशनं झाडी, एखादा जड गेम चालवून त्याला चांगलं तापवी आणि सेकंदाला सरासरी किती चित्रं येतात तो आकडा चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या पाठीवर चिकटवी. गिऱ्हाईक कुरकुरलं की तो चिठ्ठीवर बोट ठेवी. आकड्यापुढं माणूस गप्प बसतो, असा त्याचा अनुभव होता.

स्वभावानं तो वाईट नव्हता. तिशी ओलांडली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत आणि तोही निमूट ओ देई. फक्त ‘मला ठाऊक नाही’ एवढे तीन शब्द त्याच्या घशातून बाहेर पडत नसत.

त्याची वहिनी खोक्यांच्या छापखान्यात रंग तपासायची. औषधांची, साबणांची, बिस्किटांची खोकी छापून आली की लाल नमुन्याशी जुळतो का, निळा काळवंडला तर नाही, हे ती नुसत्या नजरेनं सांगायची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवऱ्याची नोकरी बोटीवर, आणि अजूनही तीच. तो महिनोन्‌महिने समुद्रात. तिला करमेना, म्हणून धाकट्यानं तिला गेम खेळायला शिकवलं. वर्षभरात ती त्याला हरवू लागली, आणि पुढं तर त्याला बरोबर घ्यायलाही तयार होईना. आता ती पाच जणींच्या संघातून ऑनलाइन स्पर्धा खेळायची. संघाची कप्तान कॉलेजातली एक मुलगी होती. तिला सगळ्या चिमणी म्हणत, आवाज मात्र कावळ्याला लाजवेल असा. धाकट्याच्या हाका हेडफोनमधून ऐकून ऐकून संघातही हिचं नाव वहिनीच पडलं होतं.

मागच्या वर्षी वहिनीचा उजवा डोळा बिघडला. एके दिवशी तिनं खोक्यांचा एक अख्खा गठ्ठा लाल फिका आलाय म्हणून परत पाठवला. लाल फिका नव्हता. डोळ्यामागच्या नसेला सूज आली होती. त्या दिवसांत तिला रस्त्यावरून चालणारी माणसं सलग दिसत नसत. ती तुटक तुटक, उड्या मारत पुढं सरकल्यासारखी वाटत. उपचारांनी नजर परत आली. निरोप देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “पुन्हा होईलच असं नाही. पण चित्र तुटायला लागलं तर अंगावर काढू नका.”

त्यानंतर कितीतरी दिवस तिनं मशीनला हात लावला नाही. चिमणीनं फोन करकरून तिला परत खेळायला आणलं होतं. आणि आता येत्या रविवारी दुपारी त्यांची शेवटची पात्रता फेरी होती. जिंकल्या तर मोठ्या स्पर्धेत, हरल्या तर पुढच्या वर्षापर्यंत घरी.

आयोजकांनी या फेरीपासून एक नवी अट घातली होती. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर खेळता येणार नाही. प्रत्येकीनं आपलं मशीन नव्या सिस्टिमवर आणायचं. वहिनी आज-उद्या करत राहिली. शेवटी धाकटा म्हणाला, “बुधवारी माझी सुट्टी आहे. करून टाकतो.”

“कर. पण तेवढंच कर हं. बाकी कशाला हात लावू नकोस.”

“छे गं.”

दुकानात नवीन कुणी कामाला आलं की धाकटा त्याला पहिला धडा द्यायचा तो हा की, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि काही बिघडलं तर पकडणार कुणाला? पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बुधवारी त्यानं नवी सिस्टिम बसवली. तिच्यासाठी मशीनच्या मुख्य बोर्डातली सुरक्षेची एक सोय चालू करावी लागते, ती केली. मग दुकानातून आणलेलं एक दमदार कार्ड जुन्याच्या जागी बसवलं. वहिनी बरी होऊन पुन्हा खेळायला लागली म्हणून ही भेट, तिला न सांगता. परत फिरायची वेळ आलीच तर सोय असावी म्हणून जुनी सिस्टिम काही दिवस एका कोपऱ्यात ठेवलेली असते. ती उगाच जागा खाते म्हणून त्यानं तीही पुसून टाकली. मग टेस्ट चालवली. आकडा जवळपास दुप्पट आला. त्यानं चिठ्ठी लिहून मशीनच्या खोक्यावर चिकटवली आणि स्वतःवर खूश होऊन अंघोळीला गेला.

गुरुवारी संध्याकाळी संघाचा सराव होता. वहिनी छापखान्यातून आली, हात धुऊन थेट खुर्चीत बसली. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं, शेजारी इस्त्रीचे कपडे. चिठ्ठीवरचा आकडा बघून ती खुलली. धाकटा पलंगावर लोळत आपल्या मोबाइलमध्ये डोकं घालून होता, कान मात्र तिकडं होते. थोड्या वेळानं चिमणीचा आवाज हेडफोनच्या बाहेर येऊ लागला.

“वहिनी, समोर होता तो. अगदी समोर.”

मग पुन्हा, “वहिनी, झोपलीस का?”

वहिनीनं हेडफोन काढून मानेवर ठेवला. “अरे, हे मधेच थबकतं का?”

“काय?”

“चित्र. आवाज चालू असतो, आणि चित्र एक क्षण उभं राहतं. मग एकदम पुढं उडी मारतं.”

धाकटा उठून तिच्या मागं उभा राहिला. बराच वेळ बघितलं. त्याला काही दिसलं नाही. त्यानं तिला उठवून टेस्ट चालवली. आकडा कालचाच.

“हे बघ. मशीन ठणठणीत आहे. उलट आधीपेक्षा दुप्पट पळतंय.”

“नक्की?”

“सरासरी समोर आहे ना.”

वहिनी पडद्याकडं बघत राहिली. “मग माझंच असेल,” ती म्हणाली.

“दमली असशील.”

“हो. दमले असेन.”

वहिनी चिडली की धाकट्याला भावजी म्हणायची आणि अहो-जाहो करायची. त्या संध्याकाळी ती चिडली नाही. तिनं खुर्ची आत सरकवली, मशीन बंद केलं आणि इस्त्रीचे कपडे उचलून आतल्या खोलीत निघून गेली. धाकट्याला कुठंतरी काहीतरी खटकलं. पण बोलून तर गेलो, आता काय, असं म्हणून त्यानं ते झटकून टाकलं.

शुक्रवारी दुपारी आई दुकानात आली. आई दुकानात कधी येत नसे. तिचे गुडघे तिला गल्लीच्या टोकाच्या पुढं जाऊ देत नसत. काउंटरवरच्या पोरीनं आत येऊन धाकट्याला सांगितलं. तो बाहेर धावला.

“काय झालं?”

“बसू तरी दे.”

त्यानं तिला मागच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं. आई टेबलावरच्या कार्डांकडं जरा वेळ बघत राहिली, दम खात.

“काल संध्याकाळपासून ती बरणीचं लाल झाकण घेऊन फिरतेय,” आई म्हणाली. “एक डोळा मिटते, झाकण बघते. मग दुसरा मिटते, पुन्हा बघते. मी आले की झाकण बरणीवर ठेवते आणि म्हणते, घट्ट बसत नव्हतं.”

धाकट्याच्या हातातला ब्रश हातातच राहिला.

“सकाळी फोनवर त्या चिमणीशी बोलत होती. म्हणाली, रविवारी माझ्या जागी दुसरीला घ्या. मग डॉक्टरीणबाईंकडं फोन केला. सोमवारची वेळ मिळाली. मला वाटलं होतं मला सांगेल. नाही सांगितलं. मी काय परकी आहे, की मला विचारावं लागावं?”

“आई...”

“तू त्या मशीनला काही केलंस का?”

“मी टेस्ट केली ना काल. सगळं व्यवस्थित आहे.”

“टेस्टचं नाही विचारलं मी. काही केलंस का, ते विचारलं.”

आता धाकट्याला उमगलं. वहिनीनं काल त्याला एकच गोष्ट विचारली होती, आणि ती मशीनबद्दल नव्हतीच. ती विचारत होती की मला पुन्हा तो आजार झालाय का. त्यानं तिला सरासरी दाखवली होती. मशीन ठणठणीत म्हणजे डोळा गेला. हा साधा हिशेब तिनं त्याच्यासमोर उभ्या उभ्या केला होता आणि तो मात्र दुप्पट पळतंय म्हणून मिरवत होता.

मालकाला सांगून तो आईबरोबर घरी निघाला. रिक्षात बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मशीनमध्ये दोष निघावा अशी प्रार्थना करतोय. आणि नाही निघाला तर? या प्रश्नापाशी तो पुनःपुन्हा येई आणि रिक्षातून बाहेर बघू लागे. रस्त्याच्या कडेनं माणसं चालली होती. तुटक दिसणं म्हणजे कसं, ते बघायला त्यानं डोळे भराभर उघडमीट करून पाहिलं. आईनं विचारलं, काय झालं डोळ्याला, तेव्हा त्यानं ते थांबवलं.

वहिनी घरीच होती. आज मी रंग तपासत नाही, असं छापखान्यात सांगून ती लवकर परतली होती. खिडकीशी टेबलावर कोपरं टेकून बसली होती, मशीन बंद.

“वहिनी,” धाकटा दारातूनच म्हणाला, “काल मी मशीन ठणठणीत आहे म्हणालो. मला ठाऊक नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला ठाऊक नाही. मी सिस्टिमबरोबर बरंच काही बदललंय. कार्डसुद्धा.”

“कार्ड?”

“भेट म्हणून.”

“आणि जुनी सिस्टिम? ती परत आणता येते ना?”

“पुसली.”

वहिनीनं त्याच्याकडं वळून पाहिलं. “भावजी,” ती सावकाश म्हणाली, “तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं करायला?”

ते भावजी ऐकून धाकट्याला किती बरं वाटलं ते त्यालाच ठाऊक. तो घाईघाईनं म्हणाला, “सरासरी म्हणजे अख्ख्या वर्गाचे मार्क. एखादं नापास पोरगं त्यात सहज दडून जातं. चित्र क्षणभर थबकलं तर सरासरीला त्याचा पत्ताही लागत नाही. मी प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते बघणारा प्रोग्राम चालवतो—”

“नको.” वहिनीनं हात वर केला. “मशीनबद्दलची साक्ष मशीनकडूनच घ्यायची नाही. तुझा मोबाइल संथ चित्रण करतो ना?”

“करतो.”

“तो पडद्यासमोर लाव. त्याला काही डोळ्याची नस नसते. मी खेळते. मला चित्र थबकलेलं दिसलं की मी चमचा टेबलावर वाजवीन. मग आपण बघू, चमचा वाजला तिथं खरंच थबकलंय की नाही.”

आईनं स्वयंपाकघरातून चमचा आणला. धाकट्यानं पुस्तकांची चळत रचून मोबाइल पडद्यासमोर उभा केला. आई पलंगावर बसली, मांडीवर हात ठेवून, एखाद्या परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तशी. वहिनीनं गेम सुरू केला. समोर खरी माणसं नव्हती, सरावासाठी मशीनचेच खेळाडू होते. एका ओसाड गोदामात तिचा सैनिक जिने चढत-उतरत होता. उजवा हात माऊसवर, डावा कळांवर, चमचा कोपराशी.

टक.

धाकट्याला काही दिसलं नव्हतं. बराच वेळ गेला. पुन्हा टक. या वेळी त्यालाही काहीतरी वाटल्यासारखं झालं, पण वाटण्यावर आता त्याचा भरवसा राहिला नव्हता. मग आणखी दोन-तीन वेळा चमचा वाजला. मोबाइलची जागा भरली तेव्हा ते थांबले.

तिघं पलंगावर एकाला एक चिकटून बसली आणि मोबाइल मधल्या वहिनीच्या हातात होता. पहिला टक आला, संथ चित्रणात त्याचा आवाज खोल विहिरीत दगड पडावा तसा लांबलेला. पडद्यावर सैनिक जिना उतरत होता. एक पायरी, दुसरी, तिसरी. सलग. कुठंही थबकला नाही.

“पुन्हा लाव,” वहिनी म्हणाली.

पुन्हा लावलं. सैनिक तेवढ्याच सहजपणे जिना उतरला.

वहिनीनं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. आईनं हात पुढं करून मोबाइल उचलला, उलटसुलट केला आणि त्याच्याकडं दिला. “पुढचा बघ. एका शितावरून भाताची परीक्षा सगळीकडं नसते.”

दुसरा टक. सैनिक दाराकडं धावत होता. त्यानं पाय उचलला आणि उचललेलाच राहिला. दार, भिंत, हवेतला पाय, सगळं जागच्या जागी. मागं गोळ्यांचा आवाज चालू होता. मग एकदम सैनिक दाराच्या पलीकडं होता.

“थांबला,” आई म्हणाली. “मलासुद्धा दिसलं. मोतीबिंदू आहे माझ्या डोळ्यात, तरी दिसलं.”

तिसऱ्या टकला चित्र थबकलं होतं. चौथ्याला थबकलं होतं. शेवटच्याला तर आई म्हणाली, एवढ्या वेळात दूध उतू जाईल. वहिनी हसली आणि हसता हसता तिनं तोंडावर ओढणी धरली. धाकटा खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी झटकत होतं, ते तो फार लक्षपूर्वक बघत राहिला.

“पण पहिला?” थोड्या वेळानं वहिनी म्हणाली. “पहिल्याला काय म्हणायचं?”

धाकट्यानं तो तुकडा पुन्हा लावून पाहिला; सैनिक सलगच उतरत होता.

“सोमवारी दवाखान्यात जायचंच,” ती म्हणाली. “पहिल्यासाठी. आणि रविवारी खेळायचं. त्याआधी हे नीट करायचं. काय भावजी?”

तिनं चिमणीला फोन लावला. माझ्या जागी दुसरीला घ्या म्हणाले होते, ते राहू दे, असं ती सांगू लागली. चिमणीचा आवाज खोलीभर पसरला. “मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मला वाटलं तू रडून झाल्यावर फोन करशील.”

शनिवारी सकाळी धाकट्यानं दुकानाचा नियम पाळला. आधी नवं कार्ड काढून जुनं बसवलं, बाकी सगळं तसंच. मोबाइल लावला, चमचा दिला. चित्र थबकलंच. म्हणजे कार्ड निर्दोष. एरवी या गोष्टीचा त्याला अभिमान वाटला असता. आज वाईटच वाटलं, कारण कार्ड बदलणं सोपं होतं. मग त्यानं ती बोर्डातली सुरक्षेची सोय बंद केली. चित्र वाहायला लागलं, एकदाही अडखळलं नाही. पण गेममधला स्पर्धेचा भाग उघडायला गेले तर पडद्यावर पाटी आली की ही सोय बंद असल्यानं तुम्हाला प्रवेश नाही. चालू केली तर थबकतं, बंद केली तर दारातूनच परत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

इंटरनेटवर शोधता शोधता त्याला याच बोर्डाची आणखी काही माणसं सापडली, याच दुखण्यानं गांजलेली. त्यांच्यासाठी बोर्ड बनवणाऱ्यांनी नवा बायोस काढला होता. मशीन चालू करताना सगळ्यांत आधी जागा होतो तो हा लहानसा प्रोग्राम. तो खुद्द बोर्डातच असतो. तो बदलला की दुखणं गेलं, असं बहुतेक जण लिहीत होते. सगळे जण नव्हते लिहीत.

“मग बदल,” वहिनी म्हणाली.

“बदलताना वीज गेली तर बोर्ड मेला. मग मशीन चालूच होणार नाही.”

“दुकानातलं एखादं मशीन आणलं तर?”

“स्पर्धेला मशीन आधी नोंदवावं लागतं. नोंदणी परवाच संपली.”

दोघंही खिडकीकडं बघू लागली. खाली रस्ता खणलेला होता. केबल टाकायचं काम चालू होतं आणि सकाळपासून वीज येत-जात होती. बॅटरीचा डबा होता घरी, पण तो जुना झालेला. वीज गेली की दोन शिट्या वाजवून मान टाकायचा.

धाकटा खाली गेला. खड्ड्याच्या काठावर मुकादम उभा होता. धाकट्यानं त्याला विचारलं, आज वीज जाणार नाही असा थोडा वेळ कधी मिळेल?

“साहेब, वीज माझ्या हातात नाही. माझ्या हातात फावडं आहे.”

“फावडं कधी थांबतं?”

मुकादमानं त्याच्याकडं नीट पाहिलं. “कुणी आजारी आहे का घरात?”

धाकट्यानं वर खिडकीकडं पाहिलं. “तसंच काहीसं,” तो म्हणाला.

“जेवायला बसले की थांबतात. आज जरा निवांत जेवायला सांगतो.”

दुपारी खालचे आवाज बंद झाले तसा धाकटा मशीनसमोर बसला. पडद्यावर प्रश्न होता, बदलायचं का? त्याचं बोट कळेवर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं. बुधवारी त्यानं न विचारता सगळं उरकलं होतं. आता परवानगी मिळूनही हात चालत नव्हता.

“सरक,” वहिनी म्हणाली. “मी दाबते.”

“बिघडलं तर?”

“बिघडलं तर माझ्या हातानं बिघडलं. जन्मभर तू तोंड पाडून फिरणार, ते कोण बघणार?” आणि तिनं कळ दाबली.

आईनं फ्रीज, पंखे, दिवे सगळं बंद करून टाकलं होतं. पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलानं भरत होती. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. कुणी हललं नाही. पुन्हा वाजली. आईनं तोंडावर बोट ठेवलं, जणू आवाजानंसुद्धा वीज जाईल. पट्टी निम्म्याच्या पुढं गेली आणि थांबली. मग पुन्हा पट्टी हलली. काठाला लागली. आणि पडदा काळा झाला.

काळा होणार हे त्याला माहीत होतं. किती वेळ, ते माहीत नव्हतं. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. खाली कुणीतरी फावडं दगडावर घासलं. वहिनीनं न बघता धाकट्याचा दंड धरला होता आणि तिची बोटं रुतत होती.

“असंच असतं का?” ती कुजबुजली.

“मला ठाऊक नाही.”

मग पडद्यावर बोर्डाचं निळं चिन्ह उगवलं. आई पलंगावरून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं भांडं आपटल्याचा आवाज आला. घंटा वाजवणारी शेजारीण पुन्हा आली होती. ती चहा पिऊनच गेली.

सुरक्षेची सोय चालू ठेवून वहिनी संध्याकाळपर्यंत खेळली. चमचा हाताशी होता. एकदा तिनं तो उचलला, थोडा वेळ हवेत धरला आणि खाली ठेवला. “वाटलं,” ती म्हणाली, “पण नाही.” धाकट्यानं ती जागा मोबाइलवर काढून बघितली. नव्हतंच.

रविवारी मॅच झाली. आईला बघवेना म्हणून ती शेजारणीकडं जाऊन बसली आणि तिथून दर थोड्या वेळानं फोन करून धाकट्याला विचारत राहिली, थबकलं का? नाही थबकलं. एकदाही नाही. वहिनी अशी खेळत होती की धाकट्याला पडद्याकडं बघायचं सुचेना. तो तिच्या मानेकडं, ताठ पाठीकडं बघत होता. शेवटच्या डावापर्यंत दोन्ही संघ बरोबरीत होते. शेवटच्या डावात चिमणी एकटीच पुढं घुसली, मागून तिघी गेल्या, आणि वहिनी एकटी उरली तेव्हा समोर तिघी होत्या. तिनं दोघींना टिपलं. तिसरीनं तिला टिपलं.

हेडफोन टेबलावर पडला. धाकट्याला वाटलं, आता ही रडेल. ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानंच जेवू लागली. तोंडात घास असतानाच बोलत होती. “डावीकडून जायचं नव्हतं. मी ओरडून सांगितलं, थांब. कान आहेत की बटणं त्या पोरीला? पाचही जणी मिळून गेलो असतो तर आज...” आई शेजारणीकडून आली, दारात उभी राहून ऐकत राहिली. हरल्या, एवढं तिला कळलं. मग तिनं सुनेच्या ताटात आणखी वाढलं. गुरुवारनंतर पहिल्यांदाच सून पोटभर जेवत होती.

सोमवारी धाकटा तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, आत उजेड टाकून पाहिलं, नसेचे फोटो काढले, रंगीत ठिपक्यांचे आकडे वाचायला लावले. धाकटा बाहेरच्या बाकावर बसून भिंतीवरचं डोळ्याचं चित्र बघत होता. बोलावलं तसा तो आत गेला.

“नस शांत आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मागच्या वेळेइतकीच चांगली. चमच्याची गोष्ट मला यांनी सांगितली. तो पहिला टक धास्तीचा असावा असं मला वाटतं. माणूस घाबरला की आधीच वाजवून मोकळा होतो. पण शपथेवर सांगणार नाही. आलात ते बरं केलंत. काही महिन्यांनी पुन्हा या, आणि मधे काही वाटलं तर लगेच.”

थेंबांमुळं वहिनीच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि बाहेरचं ऊन तिला सोसेना. धाकट्यानं तिला हाताला धरून रस्ता ओलांडवला आणि बसथांब्याच्या सावलीत बसवलं. तिनं ओढणी कपाळावरून पुढं ओढली.

“ते नवं कार्ड पुन्हा बसवू का?” त्यानं विचारलं. “त्याचा काही दोष नव्हता.”

“आठवडाभर थांब. आधी हे असंच नीट चालतंय का बघू. मग एकच ते बसव. माझ्यासमोर.”

“बरं.”

“आणि चिठ्ठी काढ ती खोक्यावरची.”

“काढतो.”

तिनं डोळे मिटून घेतले. मग मिटल्या डोळ्यांनीच दोन्ही हात पुढं करून म्हणाली, “हे बघ, इथं दार होतं. इथं मी. चिमणी इथून गेली. आता तूच सांग, इथून जायचं कशाला?” थांब्यावरची दोन माणसं वळून बघू लागली. धाकटा तिच्या हातांकडं लक्ष देऊन बघत होता. दार कुठं, जिना कुठं, तिसरी कुठून आली. बस येऊन उभी राहिली तरी तिचं संपलं नव्हतं.